हसण्याचे मार्क

३ मार्च

व्यायामवालीने सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे. मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं, पण बोटं अजून रुसलेली. ती म्हणाली, "आजी, रोज थोडं लिहा, बोटं मोकळी होतील." म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत सुटली, मी काय लिहिणार? तर म्हणते, मनात येईल ते. घ्या! मनात येईल ते लिहिलं तर पहिलं पान तुझ्यावरच खर्ची पडेल. "मूठ उघडा, शाब्बास, मूठ मिटा, शाब्बास." तान्हं बाळ आहे का मी? तीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात बटणांची काजं केली या हातानं. शाब्बास म्हणे.

तर मनात राग आहे. कुणावर, ते सांगते. आमच्या घरात एक यंत्र बसलंय आणि त्याच्यापुढे सगळ्यांनी श्वास रोखून वागायचं. नात माझी एकवीस वर्षांची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला मी भिंगरी म्हणते. कॉलेज झालं, नोकरी मिळेना, म्हणून तिच्या बापानं तिला कॉम्प्युटरवरच्या कोर्सला घातलं. "नोकरीसाठी तयार" असं त्या कोर्सचं नाव. मी मुलाला विचारलं, "पोरगी काय आंबा आहे का, तयार व्हायला?" तर म्हणाला, "आई, तुला नाही कळायचं." हे वाक्य त्याला फार आवडतं. बस चालवतो ना, दिवसभर लोकांना सांगत असतो, मागे सरका, मागे सरका. घरीही तेच.

कोर्स चालू असला की नळ सोडायचा नाही, शिंकायचं नाही, कुकरची शिट्टी नको. यंत्राला मागची भिंत पांढरी लागते म्हणून पलंगावरची चादर खिळ्यांना टांगली आहे. माझी चांगली चादर. दोन भोकं पडली तिला.

९ मार्च

आज राग नाही, म्हणजे कमी आहे. भिंगरी हसते आहे! दार लोटलेलं असतं, पण माझी खुर्ची दाराबाहेरच. दिवसभर पोरीचं हसणं कानावर येतं. मागच्या वर्षी कशी तोंड पाडून बसलेली असायची. मी सूनबाईला म्हटलं, "बघ, रुळली पोरगी." सूनबाई इस्पितळात वॉर्डात काम करते, पाय सुजवून घरी येते. म्हणाली, "हसते, पण जेवते कुठे, आई?" या सूनबाईला चांगलं काही सांगावं तर त्यातली खोट आधी दिसते. नर्सिंगची खोड.

एक गंमत लिहायची राहिली. भिंगरी आत एकच वाक्य सारखं म्हणते. "माझी सर्वांत मोठी कमतरता म्हणजे मी कामात स्वतःला विसरते." मी मोजलं नाही, पण चाळीसदा तरी असेल. शेवटी मी आत डोकावून म्हटलं, "खोटारडे! तुझी सर्वांत मोठी कमतरता म्हणजे ओला टॉवेल गादीवर टाकतेस."

ती माझ्याकडे बघून हसली. नाकाच्या वर काही हललं नाही, पण दात छान दिसले.

२१ मार्च

आज कळलं की हसण्याला मार्क असतात. मी थट्टा करत नाही. नोकरीची मुलाखत आता माणूस घेत नाही, यंत्र घेतं. समोर बसून बोलायचं, मग यंत्र सांगतं: आवाजाला दहापैकी सहा, नजरेला चार, हसऱ्या चेहऱ्याला पाच. भिंगरीनं मला दाखवलं. तिच्या तोंडावर हिरव्या रेघा ओढलेल्या, कपडा बेतायच्या आधी खडूनं आखतात तशा.

"नजर मिळवत नाही म्हणतंय," ती म्हणाली.

"कुणाशी?"

"कॅमेऱ्याशी, आजी. ते वर बारीक भोक आहे ना, तिथे."

"भोकाला नजर मिळवायची? आणि मिळाली नाही तर मार्क तुझे कापायचे? त्याचे का नाही?"

यावर ती खरं तर हसायला हवी होती. हसली नाही. माझ्या बटणांच्या डब्यातलं एक लाल बटण मागून घेतलं आणि भोकाशेजारी चिकटवलं, नजर तिथे धरायला.

कारखान्यात आमच्यावर एक सुपरवायझर होता, त्याला आम्ही घुबड म्हणायचो. बायका किती वेळ बाहेर गेल्या ते घड्याळात बघायचा. पण घुबडानंसुद्धा कधी म्हटलं नाही की काज करताना हसत राहा. काज सरळ आलं की झालं. तोंड आमचं होतं.

तिचा जबडा दुखतो. रोज सकाळी तेल लावून चोळून देते. विंचरताना केसही फार येतात हातात. पाणी बदललंय का विचारलं पाहिजे.

६ एप्रिल

 आज लिहायला नको, असं दहा वेळा वाटलं. लिहिते.

आज तिची शेवटची परीक्षा होती. अडीच तासांची, घरीच, यंत्रापुढे. पास झाली की मोठ्या कंपन्यांकडे नाव जाणार. मुलानं सुट्टी काढली नव्हती, पण स्टॉपवरून तीनदा फोन केला. सूनबाई कामावर. घरात मी आणि ती. तिनं सांगितलं होतं, "आजी, कुणी आत यायचं नाही." मला वाटलं, आवाज होतो म्हणून.

आमच्या काजाच्या ओळीत एक रीत होती. नवी पोरगी आली की पहिला खरा शर्ट तिला एकटीला करू द्यायचा नाही. जुनी बाई शेजारी बसायची, नुसता तळहात तिच्या पाठीवर ठेवायची. बोलायचं नाही, शिकवायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. पोरीचा थरकाप हातातून आपल्यात यायचा आणि तिचं काज सरळ जायचं. माझ्याही पाठीवर कुणी ठेवला होता. मी नंतर किती जणींच्या ठेवला. घुबडही तेवढ्यापुरता तोंड फिरवायचा.

तर दाराच्या फटीतून मला तिचे खांदे दिसले. असे हलत होते, जसे मशीनच्या पट्ट्याला गाठ बसली की टेबल हलतं. आणि तोंडानं ती हसून बोलत होती. मला राहवलं नाही. चपला काढल्या. दार इतकं हळू ढकललं की मांजराला कळलं नसतं. मनात मी खूशच होते, बघ, म्हातारी झाले तरी पाऊल वाजत नाही. मागून गेले आणि तळहात तिच्या पाठीवर ठेवला.

यंत्राचा पडदा लाल झाला. आतून एक गोड बाई बोलली. शब्द न् शब्द लक्षात आहे. "परीक्षा कक्षात दुसरी व्यक्ती आढळली आहे. आपली परीक्षा रद्द करण्यात येत आहे. पुढील सहा महिने आपल्याला परीक्षा देता येणार नाही. आपला दिवस आनंदाचा जावो."

आनंदाचा जावो! तिच्या गोड गळ्यात बोळा कोंबावा.

मी भिंगरीकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. लाल बटणाकडे बघत होती आणि तोंडावरचं हसू तसंच होतं. ते उतरवायचं ती विसरली होती.

७ एप्रिल

मुलगा काल घरी आल्यावर जे बोलला ते लिहीत नाही. तेवढं एक लिहिते. "तुला कळत नाही तर आत गेलीसच कशाला?"

मीही गप्प बसले नाही. म्हटलं, "मला यंत्र कळत नाही. पोर घाबरली ते कळलं. तुला उलटं आहे." मग तो जेवला नाही, मी जेवले नाही, सूनबाई दोघांची ताटं झाकून ठेवून तशीच झोपली.

भिंगरी मात्र आज माझ्याजवळ आली, म्हणाली, "आजी, तुझी चूक नाही. मी यातून शिकेन." त्या कोर्समध्ये शिकवलेल्या आवाजात. मला वाटलं, माझ्याशी भांड ना बाई. पायावर डोकं आपटते, पण भांड. नाही. गोड बोलून आत गेली.

मला माझाच हात नको झालाय. व्यायामवालीला सांगणार होते, राहू दे, नाही मोकळी झाली बोटं तरी चालतील.

११ एप्रिल

आज मी कोर्सवाल्यांच्या ऑफिसात जाऊन आले. पत्ता भिंगरीच्या फॉर्मवर होता. दोन बस बदलल्या, मुलाची चुकवून. काचेचं दार आपोआप उघडलं. आतल्या माणसांची तोंडं मात्र आपोआप मिटलेली. काउंटरला एक मुलगी, भिंगरीपेक्षा वर्षभरानं मोठी असेल. हसली.

"आजी, तक्रार ॲपवरच करावी लागते."

"मी आलेय की पायानं. समोर उभी आहे."

"हो, पण सिस्टिममध्ये तुम्ही दिसत नाही ना."

"त्या दिवशी बरी दिसले तुझ्या सिस्टिमला! नुसता हात दिसला तर माझ्या नातीची परीक्षा मारली. आज अख्खी उभी आहे तर दिसत नाही?"

मागच्या रांगेतला एक गृहस्थ फिसकन हसला. मला आणखी चेव आला. म्हटलं, बोलाव तुझ्या साहेबाला. साहेब नाही. मग वरच्याला. वरचा दुसऱ्या शहरात. मग ज्यानं परीक्षा रद्द केली त्याला बोलाव. तर हळूच म्हणाली, "आजी, ते कुणी केलेलं नसतं."

तीस वर्षांत मी पुष्कळ अन्याय बघितला, पण त्याला तोंड होतं. घुबडाच्या अंगावर मी एकदा शिवणीचा गठ्ठा फेकला होता. इथे फेकू कुणावर?

भिंतीवर मोठा फोटो होता, खाली लिहिलेलं, "आमची यशस्वी उमेदवार." बघितलं तर हीच, काउंटरवाली.

"तुला नोकरी इथलीच लागली?"

"हो, आजी."

"किती तास हसावं लागतं?"

तिनं मागे वळून भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग स्वतःचा मोबाईल काढला, आजूबाजूला बघितलं आणि माझी तक्रार तिनंच भरून दिली. "काय लिहू?" म्हणाली. मी म्हटलं, लिही, म्हातारीनं पाठीवर हात ठेवला, गुन्हा म्हातारीचा, शिक्षा म्हातारीला द्या. तिनं तसंच लिहिलं. निघताना तिचं तोंड बघितलं, हसत नव्हती. चांगली दिसत होती.

१६ एप्रिल, दुपार

बऱ्याच दिवसांनी चांगलं लिहिते आहे. भिंगरी सावरली! सकाळी उठून तिनं कपाट आवरायला काढलं. जिच्या कपाटात हात घातला तर मोजेच बाहेर यायचे, ती घड्या घालते आहे! कानाला लावून गाणी ऐकायचं यंत्र मैत्रिणीला देऊन टाकलं. रंगांची पेटी, जिला मला हात लावू द्यायची नाही, ती खालच्या मजल्यावरच्या छोटीला दिली. पुस्तकांचे गठ्ठे बांधले. मी म्हटलं, "अगं, सगळंच काय देतेस?" तर म्हणाली, "आता नाही लागणार, आजी." शहाणी झाली. मोह सुटला.

मग माझ्याजवळ बसली, म्हणाली, "माझा कुठला फोटो तुला आवडतो?" मी म्हटलं, दात पडलेला. तो शोधून तिनं माझ्या डब्यात ठेवला. मोबाईलचं कुलूप उघडायचे आकडेही मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिले. "लागले तर असू देत." मला कशाला लागणार, मला हिरवं बटण कुठलं तेही कळत नाही! पण विश्वास बघा पोरीचा.

आज कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर शांतपणा आहे. सूनबाई तीनला येते, तिला कधी सांगते असं झालंय.

१७ एप्रिल

काल तीनला सूनबाई आली. मी दारातच सगळं सांगितलं, कपाट, रंगपेटी, फोटो, आकडे. मला वाटलं, खूश होईल. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. चपला न काढता आत गेली. गॅलरीचं दार लावलं, किल्ली खिशात टाकली. मग भिंगरीच्या समोर खाली बसली आणि सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का तुझ्या?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. असलं अभद्र कुणी पोटच्या पोरीला विचारतं? मी आत जाऊन ओरडणारच होते, जीभ हासडीन म्हणून. तोंड उघडलं, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "हो."

इतकंच. "हो." कोर्सचा आवाज नव्हता तो.

"कधीपासून?"

"आई, मला थांबायचंय फक्त. सारखं हसून थकले मी."

सूनबाईनं तिला कवेत घेतलं. ओरडली नाही, समजूत घातली नाही, धीर धर म्हणाली नाही. म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. आता उठ, आपण दोघी जाऊ. मी सोडणार नाही तुला." तशाच रिक्षात बसलो तिघी. मी मागे राहणार नव्हते.

इस्पितळात डॉक्टरीणबाई तिच्याशी तासभर बोलली. बाहेरच्या बाकावर माझा मुलगा, युनिफॉर्मवर, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. म्हणाला, "आई, मी तिच्या भल्यासाठीच..." मी म्हटलं, "माहीत आहे. गप्प बस." आणि त्याच्यावर चिडायला गेले तर चिडताच येईना, कारण दुपारच्या पानावर मी काय लिहिलंय ते मला माहीत होतं.

मोह सुटला, असं लिहिलंय मी. शहाणी झाली.

सूनबाई हे वॉर्डात शिकली. मी तिला खोटकाढी म्हणते. ती पाच मिनिटं उशिरा आली असती तर? हे पुढे लिहिणार नाही.

३ मे

औषध चालू आहे. आठवड्यातून दोनदा बोलायला नेतात. एकटी ठेवायची नाही, असं सांगितलंय. मुलानं पाळी बदलून घेतली. आम्ही तिघं आळीपाळीनं तिच्याजवळ असतो. ती झोपते फार, बोलते कमी. चेहरा कोरा. पण कोरा आहे, हे एक बरं आहे. चादर काढून टाकली मी, धुतली, दोन भोकांना ठिगळ लावलं.

वही पहिल्यापासून वाचली आज. "भिंगरी हसते आहे!" पुढे उद्गारचिन्हसुद्धा काढलंय, वा वा. ते पान फाडायला घेतलं. डॉक्टरीणबाईचं एक आठवलं, ती म्हणाली, घरच्यांना दिसतं, पण जे दिसावंसं वाटतं तेच. पान राहू दिलं. फाडून मला सोपं झालं असतं.

आणि राग? राग आहे ना. हजारो पोरं आत्ता अशीच कुठल्या ना कुठल्या पांढऱ्या चादरीपुढे बसून दात दाखवत असतील, आणि दाराबाहेर माझ्यासारख्या म्हाताऱ्या खूश. कुणीतरी खोलीत बसून ठरवलं असेल ना, हसण्याला दहापैकी मार्क द्यायचे म्हणून? चहा पीत ठरवलं असेल. त्या माणसाला कुणी विचारलं का, तुझं किती?

२२ मे

आज जेवायच्या वेळी मोबाईल वाजला. कोर्सवाल्यांचं पत्र. माझी तक्रार मान्य झाली! खास बाब म्हणून भिंगरीला पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा. मुलानं मोठ्यानं वाचून दाखवलं. बिचाऱ्याला वाटलं, चांगली बातमी आहे. शेवटची ओळ होती, "आत्मविश्वासाने आणि हसतमुखाने या."

भिंगरीनं चमचा ताटात आपटला.

"मी नाही हसणार!"

मुलानं मोबाईल खाली ठेवला.

"नाही हसणार म्हणजे नाही हसणार! कुणापुढे नाही! बाबा, तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं का, की मला हे हवंय का? सारखं स्पर्धा, स्पर्धा! आणि आई, तू! तुला दिसत होतं मी जेवत नाही, तर पोळ्या झाकून ठेवून झोपायचीस!"

"चुकलं माझं," सूनबाई म्हणाली. रडत होती.

मला वाटलं, मी सुटले. कसली सुटते!

"आणि आजी, तू! त्या दिवशी आत आलीस त्याचं मला काहीच नाही. पण त्याआधी महिनाभर? मी आत खोटं हसत होते आणि तू दाराबाहेर बसून खूश होत होतीस! सगळ्या बिल्डिंगला सांगत होतीस, आमची भिंगरी हसते! रोज माझा जबडा चोळलास, एकदा तरी विचारलंस का, का दुखतो?"

काय ओरडली! खालच्या मजल्यावरचे जिन्यात आले. मान लाल, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि ते डोळे सरळ माझ्या डोळ्यांत.  म्हटलं, "नाही विचारलं. मला तुझं हसणं हवं होतं, म्हणून नाही विचारलं. बोल आणखी."

"बोलणारच आहे!"

"बोल."

मुलगा तिला शांत करायला उठला. मी त्याचा शर्ट धरून खाली बसवला. अरे, गप्प बस, एवढ्या महिन्यांत पोरगी पहिल्यांदा घरात आहे.

डॉक्टरीणबाईला सूनबाईनं फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या घेऊन या, आणि आज तिला बोलू द्या, मधे पडू नका. परीक्षेचं पत्र आलेला मोबाईल मुलानं तिच्या हातात दिला, काय करायचं ते तू ठरव म्हणाला. हे त्याला जमलं, त्याचे मात्र मी मार्क देईन. तिनं ते अजून ठरवलेलं नाही. रागानं कानशिलं तापली आहेत तिची, आता कसलं ठरवते.

मी लिहायला म्हणून इकडे आले, पण हात थांबत नाही, आनंदानं. इतक्या शिव्या मला आयुष्यात कुणी दिल्या नाहीत आणि इतकं बरंही कधी वाटलं नाही. आतून हाक मारते आहे. "आजी, कुठे पळालीस? माझं संपलं नाही अजून!"

आले गं.